काय लावू? काहीच लावू नका

मार्च सरत आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, महिलांच्या मासिकांत आणि घराघरांतल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर हमखास उगवतो: बाळाच्या घामोळ्यांवर घरगुती उपाय. मुलतानी माती, चंदनाचा लेप, कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी, काकडीचा रस, खोबरेल तेलात कापूर, खाण्याचा सोडा, कॉर्नफ्लॉवर. यादी दरवर्षी तीच असते, क्रम तेवढा बदलतो. शेवटी ‘तरीही बरं वाटलं नाही तर डॉक्टरांचा सल्ला घ्या’ ही ओळ टाकली की लिहिणाऱ्याची जबाबदारी संपते.

या याद्यांना माझा आक्षेप आहे, आणि तो एखाद्या उपायापुरता नाही. मुलतानी माती बरी की चंदन, या वादात मला पडायचंच नाही. घामोळ्या हा काहीतरी लावून बरा करायचा आजार आहे, हे जे यादीच्या मुळाशी गृहीत धरलेलं असतं, तेच मला मान्य नाही. घामोळ्या जातात त्या बाळाच्या अंगावरचं आणि भोवतालचं काहीतरी कमी केल्यानं. कपडा कमी, तेल कमी, पावडर कमी, खोलीतली ऊब कमी. लावणाऱ्यांचा पक्ष मात्र भक्कम आहे. त्यात आजी आहे, मालिशवाली बाई आहे, कोपऱ्यावरचा केमिस्ट आहे आणि आता डब्यावर ‘नैसर्गिक’ असं ठळक छापणारा बाजारही आहे. या चौघांचं एरवी एकमेकांशी पटत नाही, या एका बाबतीत मात्र एकमत असतं.

आधी अंगात घडतं काय ते पाहू, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच उभा आहे. माणसाच्या घामाच्या ग्रंथी जन्मतःच जवळपास सगळ्या तयार असतात, नंतर त्या वाढत नाहीत. म्हणजे मोठ्या माणसाच्या अंगभर पसरलेल्या तेवढ्याच ग्रंथी बाळाच्या इवल्याशा कातडीत दाटीवाटीनं बसलेल्या असतात. त्यांच्या नळ्या नाजूक आणि अजून पुरत्या न पिकलेल्या. घाम येत राहिला आणि वाळायला वाव मिळाला नाही, की कातडीचा वरचा थर भिजून फुगतो, त्यात मेलेल्या पेशी आणि कातडीवरचे नेहमीचे जंतू मिसळतात आणि नळीचं तोंड बुजतं. घाम आत तयार होतच असतो. त्याला वाट मिळत नाही, म्हणून तो आजूबाजूच्या पेशींत झिरपतो. अडथळा अगदी वर असेल तर पाण्याचे बारीक, पारदर्शक, हात लावताच फुटणारे फोड दिसतात. नवजात बाळाच्या कपाळावर, मानेवर येतात ते बहुधा हे, आणि ते खाजतही नाहीत. अडथळा जरा खाली असेल तर भोवती सूज येते आणि लाल, टोचणारे, बाळाला रात्रभर किरकिर करायला लावणारे पुरळ उठतात. आपण ज्यांना घामोळ्या म्हणतो त्या मुख्यतः या. त्यांत पांढरा पू दिसू लागला तर प्रकरण आणखी पुढे गेलं.

आता या बुजलेल्या तोंडावर लेप लावायचा म्हणजे काय करायचं? बुजलेलं आणखी बुजवायचं. माती असो, चंदन असो, तेल असो की महागडं मलम, त्याचा थर बसणार तो नेमका जिथे वाट मोकळी हवी तिथेच. लेप ओला असताना गार वाटतं हे खरं. पण तो गारवा लेपातल्या पाण्याचा असतो. पाणी उडालं की उरते ती वाळलेली माती, आणि ती काढायला बाळाची कातडी पुन्हा घासावी लागते. मग नुसतं पाणीच का नको?

लावणाऱ्यांचा पहिला आणि सगळ्यांत जुना युक्तिवाद म्हणजे ‘अंगातली उष्णता बाहेर पडतेय’. हे वाक्य आपल्याकडे इतकं मुरलेलं आहे की शिकलेली माणसंही ते सहज बोलून जातात. ते निरुपद्रवी असतं तर मी सोडून दिलं असतं. पण त्यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही वाईट. एक म्हणजे उष्णता ‘बाहेर पडू द्यावी’, मध्येच दाबू नये, म्हणून पंखा बंद, आंघोळ बंद आणि बाळ गुंडाळलेलं. दुसरी अधिक वाईट: ही उष्णता आली कुठून याचा शोध सुरू होतो आणि तो थेट आईच्या ताटाशी येऊन थांबतो.

हा शोध ज्या बाईनं एकदा सोसला आहे ती तो विसरत नाही. “काल तू दोन फोडी आंबा खाल्लास ना?” “अगं, पपई कशाला खायची?” “अंडं कोणी दिलं तुला?” गंमत अशी की हेच घर त्या बाळंतिणीला सकाळी डिंकाचा लाडू, दुपारी अळिवाची खीर आणि रात्री मेथीचा लाडू आग्रहानं चारत असतं. आपल्याच परंपरेच्या हिशेबानं हे सगळे पदार्थ चांगलेच उष्ण. त्यांनी बाळाला काही होत नाही, आंब्याच्या दोन फोडींनी मात्र पाठभर पुरळ उठतं! ज्यात घरानं दिलेलं निर्दोष आणि तिनं स्वतः मागून खाल्लेलं दोषी ठरतं, त्या शास्त्राला शास्त्र म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आईच्या दुधातून घामोळ्या येत नाहीत. दुधाचा आणि कातडीवरच्या घामाच्या नळीच्या तोंडाचा संबंध नाही. आईनं आंबा सोडला, अंडं सोडलं, भूक मारली, तर कमी होईल ते तिचं खाणं. मेणकापडावर पडलेल्या बाळाच्या पाठीचं पुरळ होतं तसंच राहील. याच कल्पनेपोटी काही घरांत बाळाला ‘थंड’ पडावं म्हणून सब्जाचं पाणी, वाळ्याचं पाणी, गुलकंदाचं बोट, नाहीतर मध चाटवतात. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा लागत नाही, अगदी चंद्रपूरच्या मे महिन्यातही नाही. उन्हाळ्यात त्याला जास्त वेळा पाजावं, एवढंच. वरच्या पाण्यानं दूध पिणं कमी होतं आणि जुलाबांना आमंत्रण मिळतं. मध तर वर्षाच्या आत मुळीच नको, कारण त्यातून बोट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते आणि लहान बाळात ती जिवावर बेतते. पुरळासाठी एवढा धोका पत्करायचा?

तेलाकडे वळू. मालिशीला माझा विरोध नाही. मालिशीनं बाळ सैलावतं, झोपतं, आणि करणाऱ्या हातांशी त्याची ओळख होते. वाद आहे तो उन्हाळ्यातल्या मालिशीच्या पद्धतीबद्दल. आपल्याकडे तेल पाव कप जिरवलं नाही तर मालिश झाल्यासारखी वाटत नाही. टाळू भरायची, मग अंग चोळायचं, मग डाळीचं पीठ आणि साय लावून काढायचं, मग कडकडीत पाणी, मग शेक आणि धुरी. धुरीत ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाची सालं. त्यानंतर बाळाला दुपट्यात घट्ट बांधून दार लावून निजवायचं. घाम येण्यासाठी आणि तो अडकण्यासाठी याहून चोख व्यवस्था ठरवून करता आली नसती. या सगळ्यातून घामोळ्या आल्या की मालिशवाली बाई म्हणते, “ताई, तेल बदला, हे तेल गरम पडतंय.” तेल बदललं जातं आणि क्रम तसाच चालू राहतो.

घामोळ्या असताना तेल नकोच. त्या नसतानाही उन्हाळ्यात आंघोळीआधी हलक्या हातानं, कमी तेलानं, आणि आंघोळीत ते निघून जाईल असं चोळावं. आंघोळीनंतर पुन्हा तेलाचा हात फिरवायची पद्धत तेवढी सोडावी. तेलांतही सगळी सारखी नाहीत. मोहरीचं तेल कातडीच्या संरक्षक थराला इजा करतं असं २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उंदरांच्या कातडीवर दिसलं होतं, आणि त्याच अभ्यासात सूर्यफुलाचं तेल बरं ठरलं होतं. पण घामोळ्यांवर कुठलं तेल चांगलं, हा प्रश्नच गैरलागू आहे. कोरड्या पडलेल्या, भेगाळलेल्या कातडीला तेल हवं. इथे कातडी ओली होऊन फुगलेली आहे.

पावडरीबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण लावणाऱ्यांचं हे सगळ्यांत लाडकं हत्यार. शिवाय त्याला वास छान येतो आणि बाळ ‘स्वच्छ’ दिसतं. चार-पाच महिन्यांच्या गुटगुटीत बाळाची हनुवटी जरा वर उचलून मानेची वळी उलगडून पाहा. वरून पावडर भुरभुरलेली दिसते, आत घामात भिजून तिचा कणकेसारखा लगदा झालेला असतो, दुधाचे ओघळ त्यात मिसळलेले असतात आणि त्याखाली कातडी लालभडक, सोलवटल्यासारखी. आंबूस वास येतो. तोच मारायला संध्याकाळी पुन्हा पावडर टाकली जाते. पावडर घाम शोषते, हे डबीवर छापलेलं खोटं नाही. पण शोषलेला घाम घेऊन ती जाते कुठे? तिथेच बसते.

आणि हे नुकसान कातडीपुरतं आहे. खरा धोका नाकाशी आहे. डबीतून भुरकन उडणारी बारीक पूड बाळाच्या श्वासाबरोबर फुप्फुसात जाते आणि तिथून ती सहज बाहेर येत नाही. डबी हातात खेळायला दिलेल्या बाळांना त्यामुळे श्वास कोंडून मृत्यू आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना म्हणूनच बाळांना पावडर लावू नका असं सांगत आली आहे. टाल्कऐवजी मक्याच्या पिठाची पावडर वापरली तर कण जरा मोठे असतात इतकंच. उडते तीही, आणि घडीत अडकून भिजते तीही.

‘एवढी वर्षं सगळे लावत आले, कोणाला काय झालं?’ असं विचारणाऱ्यांना १९७२ सालचं फ्रान्स आठवावं लागेल. तिथे मोरांज नावाच्या बेबी टाल्कच्या एका उत्पादनात हेक्झाक्लोरोफिन हे जंतुनाशक चुकून सहा टक्क्यांहून जास्त मिसळलं गेलं. नुसती अंगाला लावलेली ती पावडर बाळांच्या कातडीतून आत गेली आणि ३६ मुलं दगावली. बाळाची कातडी पातळ असते आणि वजनाच्या मानानं तिचं क्षेत्रफळ मोठं असतं. म्हणून तिच्यावर टाकलेली वस्तू ‘वरवरची’ राहतेच असं नाही. हे लक्षात ठेवलं तर मोठ्यांच्या घामोळ्यांच्या पावडरी बाळाला लावणं किती अविचाराचं आहे ते कळेल. त्यांतल्या काहींत मेन्थॉल, कापूर किंवा बोरिक ॲसिड असतं. मोठ्या माणसाला ती झणझणीत थंडाई आवडते. तान्ह्या बाळाला कापूर किंवा बोरिक ॲसिडची विषबाधा होऊ शकते. खोबरेल तेलात कापूर घालायला सांगणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

आपल्याकडचंही उदाहरण आहे, आणि ते पुरतं सांगायला हवं, अर्धवट नको. सप्टेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं जॉन्सन अँड जॉन्सनच्या मुलुंड इथल्या कारखान्याचा बेबी पावडर बनवण्याचा परवाना रद्द केला. पुणे आणि नाशिक इथून घेतलेले नमुने पीएचच्या निकषावर उतरले नव्हते. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हा आदेश रद्द ठरवला. नमुने होते २०१८ सालचे आणि कारवाई इतक्या उशिरा झाली, याबद्दल न्यायालयानं प्रशासनालाच बोल लावले. म्हणजे या प्रकरणावरून ‘पावडर विषारी ठरली’ असं म्हणणारे चुकतात. पण एक गोष्ट त्यातून निर्विवाद दिसते: बाळाच्या अंगावर जाणाऱ्या डबीच्या तपासणीचा निकाल लागेपर्यंत ते बाळ शाळेत जाऊ लागतं. टाल्कची बेबी पावडर जगभर बंद करण्याचं त्याच कंपनीनं ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर केलं, ते अमेरिकेतल्या हजारो दाव्यांच्या पार्श्वभूमीवर. ज्या वस्तूची बाळाला गरजच नाही तिच्यासाठी हा सगळा खटाटोप.

आता विरोधी बाजूचा सगळ्यांत मजबूत मुद्दा. तो आजींचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. त्या म्हणतात, बाळाला ऊब लागते. टोपडं, कुंची, दुपटं हे काही उगाच आलेलं नाही. बरोबर आहे. नवजात बाळ, त्यातही कमी वजनाचं किंवा दिवस पुरे न भरलेलं, स्वतःच्या अंगाची ऊब टिकवू शकत नाही आणि गारठून दगावू शकतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्यात गावातल्या आरोग्यदूत बायकांना बाळ उबदार ठेवायला शिकवलं होतं. डोक्याला टोपी आणि उबदार पिशवी हा त्या कामाचा भाग होता. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले: तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर नेली गेली. तेव्हा टोपड्याला मागासलेपणा म्हणणारे माझ्या बाजूचे नाहीत.

पण ते टोपडं कोणासाठी आणि कधी? दोन किलोच्या, जन्मून चार दिवस झालेल्या, डिसेंबरातल्या धानोऱ्याच्या बाळासाठी. तेच टोपडं साडेसहा किलोच्या, पाच महिन्यांच्या, मे महिन्यातल्या डोंबिवलीच्या बाळाच्या डोक्यावर बसवलं की तर्क उलटा होतो. बाळाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं आणि बरीचशी ऊब तिथूनच बाहेर पडते. ती वाट झाकली की घाम इतर ठिकाणी फुटतो. घामोळ्या कपाळाच्या कडेला, मानेवर आणि टोपड्याची नाडी बसते तिथे का येतात, याचं उत्तर हेच. शिवाय बाळ अति गरम होणं हा झोपेत अचानक होणाऱ्या मृत्यूचाही एक जोखमीचा घटक मानला जातो. तेव्हा ‘जास्त ऊब झाली तर काय बिघडलं’ हा समजही खरा नाही.

या वादात एक पुरावा नेहमी पुढे केला जातो: “हात लावून बघ, तळवे किती गार आहेत!” तळवे गार असतातच. बाळाचं रक्ताभिसरण अजून बसलेलं नसतं, म्हणून निरोगी बाळाचेही हातपाय थंड लागतात. बाळ गरम आहे की गार, हे बघायचं ते मानेच्या मागे आणि छातीवर. बोटांना ओल लागली, म्हणजे घाम लागला, तर एक थर उतरवा. सासू-सुनांचा निम्मा वाद तेवढ्यानं मिटेल. उरलेला निम्मा घामोळ्यांचा नसतोच.

आजीबाईंच्या बटव्यावर टीका करायला मी लेखणी उचललेली नाही, हे आणखी एका गोष्टीवरून दिसेल. आपल्या लोकांना घामोळ्यांचा खरा उपाय फार पूर्वीपासून माहीत आहे, तो यादीत मात्र येत नाही. ‘पहिल्या पावसात भिजलं की घामोळ्या जातात’ असं कोकणापासून विदर्भापर्यंत सगळे म्हणतात, आणि त्या जातातही. पावसाच्या पाण्यात काही औषध नसतं. पाऊस पडला की हवा उतरते, घाम थांबतो आणि पुढच्या काही दिवसांत बुजलेली तोंडं आपोआप मोकळी होतात. भिजला नाहीत तरी जातात. कोकणात आणि मुंबईत ताडगोळ्याचं पाणी घामोळ्यांवर चोळतात, कोणी कलिंगडाच्या सालीचा पांढरा गर फिरवतात. थंडावा देतं ते त्यांतलं पाणी. साखर मागे राहते ती चिकटते आणि मुंग्यांना बोलावते, म्हणून ताडगोळा बाळाला लावण्यापेक्षा आईनं खावा.

कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ आणि टबात जंतुनाशकाचं झाकण, हे दोन्ही याच कोष्टकात. घामोळ्या हा मुळात जंतुसंसर्ग नाही. चिडलेल्या कातडीला आणखी चिडवणारं काही पाण्यात घालायची गरज नाही. कॅलामाइन लोशनचं तेवढं वेगळं. बाळ खाजेनं हैराण असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर त्याचा पातळ हात चालतो. पण तेही खाज शमवतं, घामोळ्या घालवत नाही.

मग करायचं काय? पहिलं, मेणकापड काढा. गादी ओली होऊ नये म्हणून पसरलेलं ते रबर किंवा प्लास्टिक आणि त्यावरचं पातळ दुपटं, एवढ्यावर बाळ दिवसाचे अठरा तास पाठीवर पडलेलं असतं. पाठीचा घाम खाली जात नाही आणि वरही येत नाही. ते ठेवायचंच असेल तर कमरेखाली, वर जाड सुती घडी घालून. जुन्या सुती साडीची झोळी उत्तम, नायलॉनच्या साडीची नको. अंगात एक सुती झबलं, किंवा दुपारी तेही नको. डायपर प्रवासाला आणि रात्रीपुरता; घरात लंगोट, आणि मधूनमधून तोही सोडून मोकळं. बारशाला हॉलमध्ये दोनशे माणसं, हॅलोजनचे दिवे आणि बाळाच्या अंगावर अस्तराचा जरीचा फ्रॉक, हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. फोटो होताच फ्रॉक उतरवला तर नावात काही फरक पडत नाही.

आंघोळ दिवसातून दोनदा, साध्या कोमट-गार पाण्यानं. साबण एकदा पुरे, तोही मोजका. अंग टिपून घ्यायचं, चोळायचं नाही, आणि मान, काखा, जांघा यांच्या घड्या उलगडून वाऱ्यावर वाळू द्यायच्या. मध्ये घाम आला तर ओल्या मऊ फडक्यानं पुसून काढा. आईच्या छातीला टेकून दूध पिताना बाळाच्या गालाला आणि मानेला घाम येतो. तिथे मध्ये सुती फडकं घ्यावं, आणि आईच्या अंगात सिंथेटिक गाऊन नसावा.

आणि वारा. घाम वाळला तरच तो थंडावा देतो: एक ग्रॅम घाम वाळताना अंगातली सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. ओघळून गेला तर जवळपास काहीच नेत नाही. म्हणूनच मुंबईतल्या ३३ अंशांत बाळं घामोळ्यांनी जेवढी बेजार होतात, तेवढी ब्रह्मपुरीच्या ४५ अंशांतल्या कोरड्या खोलीत होत नाहीत. उपायही त्यामुळे गावागणिक बदलतो, आणि याद्यांत हे कधी येत नाही. नागपुरात मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर बाळाला स्वर्ग. तोच कूलर रत्नागिरीत लावला, किंवा नागपुरातच जूनच्या पावसानंतर चालू ठेवला, तर खोली दमट होते आणि पुरळ वाढतं. दमट हवेत पंखा हवा, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या हव्यात आणि परवडत असेल तर एसी, साधारण २५-२६ अंशांवर, झोत थेट अंगावर न घेता. पंख्यानं सर्दी होत नाही. सर्दी विषाणूंनी होते, आणि ते बहुधा बाळाचे मुके घेणाऱ्या पाहुण्यांबरोबर येतात.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: हे सगळं हवेशीर घरातल्या लोकांचं बोलणं. पत्र्याच्या खोलीत, भारनियमनात, एका खिडकीवर राहणाऱ्यानं काय कमी करायचं? गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत, लल्लुभाई कंपाउंडसारख्या ठिकाणी, इमारती इतक्या खेटून बांधल्या आहेत की खालच्या मजल्यांवर ऊनवारा पोचत नाही. क्षयरोगाच्या संदर्भात २०१८ साली त्याचा अभ्यासही झाला. तिथल्या आईला चंदनाचा लेप सुचवणं हा क्रूर विनोद आहे. पत्र्याला चुन्याचा पांढरा हात देणं, दुपारी बाळाला खालच्या मजल्यावरच्या किंवा सावलीतल्या शेजारघरी नेणं, ओल्या फडक्यानं वारंवार पुसणं, एवढं तिच्या हातात आहे. बाकीचं नगररचनेच्या हातात. अहमदाबादच्या एका महापालिका रुग्णालयात बाळंतिणींचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर होता. २०१० च्या उष्णतेच्या लाटेत तिथली नवजात बाळं तापून अतिदक्षता विभागात येऊ लागली. कक्ष खालच्या मजल्यावर हलवला, आणि उष्णतेमुळे दाखल होणाऱ्या बाळांचं प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी झालं. कोणाला काही लावावं लागलं नाही.

शेवटचा प्रश्न चिवट घामोळ्यांचा. ‘सगळं केलं, तरी जात नाहीत.’ हवा खरोखर उतरली तर साध्या घामोळ्या चार-आठ दिवसांत ओसरतात. बुजलेला थर झडून जायला तेवढा वेळ लागतोच, आणि त्या वेळातच लोक धीर सोडून केमिस्टकडे धावतात. केमिस्ट देतो ते मलम बहुधा मिश्र असतं: एक स्टेरॉइड, एक बुरशीचं औषध, एक जंतूंचं. दोन दिवसांत लाली जाते, घर खूश होतं, मलम संपलं की लाली दुप्पट होऊन परतते. बाळाच्या पातळ कातडीतून स्टेरॉइड रक्तात उतरतं, लंगोटाखाली तर अधिकच. अशा कित्येक मलमांना चिठ्ठीशिवाय विकायला सरकारनं २०१८ साली मनाई केली. ती पाळली जाते का, हे तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन बघा.

आठवडा उलटूनही पुरळ हटत नसेल तर ते घामोळंच आहे का, अशी शंका घ्यावी. मानेच्या किंवा जांघेच्या घडीत खोलवर लालभडक पट्टा आणि कडेला सुटे ठिपके असतील तर ती बुरशी असू शकते. बोटांच्या बेचक्यांत, तळव्यांवर पुरळ असेल आणि घरातले इतरही रात्री खाजवत असतील तर खरूज. गाल आणि हातपाय कोरडे, खरखरीत असतील तर इसब. या तिन्हींचे उपचार वेगळे आहेत आणि ते स्वयंपाकघरात नाहीत. पू धरला, करट उठली, ताप आला, बाळ मलूल होऊन पिईनासं झालं, किंवा ऐन उकाड्यात अंग तापलेलं असून घामच येईनासा झाला, तर थांबू नये. महिन्याच्या आतल्या बाळाच्या अंगावर पुवाचे फोड दिसले तर ते घामोळ्यांचे आहेत की आणखी कशाचे, हे घरी ठरवायचंच नसतं. मलम, पावडर, आजी आणि हा लेख, सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.